साध्या घरगुती जेवणासाठी टेबलाची मांडणी कशी करावी?

प्रश्न (नाशिकहून)

नमस्कार. येत्या रविवारी दुपारी माझ्या आईबरोबर एकाच शाळेत शिकवणाऱ्या तीन बाई आमच्याकडे जेवायला येणार आहेत. आई निवृत्त झाल्यापासून या चौघींची निवांत भेट झालेली नाही, त्यामुळे भेट घरीच व्हावी आणि जेवणही घरचेच असावे, असे तिने आग्रहाने सांगितले आहे. त्या तिघी, आई, मी आणि माझी मुलगी असे आम्ही सहा जण जेवायला असू.

बेत अगदी रोजचा आहे. वरण-भात, बटाट्याची पिवळी सुकी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, घडीच्या पोळ्या, ताक आणि गोडात थोडी शेवयांची खीर. पदार्थांची संख्या वाढवून ताट सजवावे, असे मला वाटत नाही. आपण रोज जे खातो तेच, पण टेबलाकडे पाहताक्षणी आलेल्या माणसाला ‘आपली वाट पाहिली गेली आहे’ असे वाटावे, इतकीच इच्छा आहे.

अडचण अशी आहे की, टेबलाच्या सजावटीची म्हणून जी छायाचित्रे पाहायला मिळतात, ती सगळी काटे, सुऱ्या आणि उंच पेल्यांची असतात. आपले ताट, वाट्या आणि तांब्या-भांडे त्यांत कुठे बसवायचे, ते समजत नाही. आमचे टेबल पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे, वर लाकडी रंगाचा सनमायका आहे. घरात आजीची स्टीलची सहा ताटे आहेत, त्यांच्या कडेवर तिचे नाव कोरलेले आहे. एक उंच काचेची फुलदाणी आहे आणि एक पितळी तांब्याही आहे. टेबलावर कापड घालावे की नाही, फुले कुठे ठेवावीत, केळीच्या पानावर वाढावे का, भांडी मध्यभागी मांडून ज्याने त्याने वाढून घ्यावे की ताटे आधीच वाढून ठेवावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर मी आभारी राहीन.

उत्तर (पुण्याहून)

ताई, आपण बेत साधा ठेवला आहे, हे मला फार आवडले. मांडणीचा विचार करताना फुले आणि कापड यांच्या आधी हातात मोजपट्टी घ्यावी, असे मी सुचवेन, कारण आपल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे टेबलाच्या मापातच आहेत.

अडीच फूट म्हणजे ३० इंच. जेवणाचे नेहमीचे ताट साधारण १२ इंचांचे असते. समोरासमोर दोन ताटे ठेवली आणि टेबलाच्या कडेपासून प्रत्येकी एक इंच जागा सोडली, तर दोन ताटांच्या मध्ये फक्त चार इंचांची पट्टी उरते. आता लांबी पाहू. पाच फूट म्हणजे ६० इंच. प्रत्येक बाजूला तिघे बसले, तर एकेकाच्या वाट्याला २० इंच येतात. माणसाला ऐसपैस जेवायला सुमारे २४ इंच रुंदी लागते, म्हणजे जागा थोडी कमी आहे. पण दोन ताटांमध्ये आठ इंच मोकळे राहतात आणि तेवढ्यात पाण्याचे भांडे आणि ताकाचा पेला नीट मावतो. दोघांना टेबलाच्या टोकांना बसवण्याचा मोह टाळावा. तसे केले की कोपऱ्यांवर ताटांना ताटे लागतात आणि टोकाला बसलेल्या माणसाचा हात शेजारच्याच्या वाटीवरून जातो.

या हिशोबाचा सरळ अर्थ असा की, मध्यभागी कढई, भाताचे पातेले, पोळ्यांचा डबा आणि फुलदाणी मांडणे आपल्या टेबलावर शक्यच नाही, आणि त्याची गरजही नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या टेबलावर बशी लहान असते आणि पदार्थ मध्ये ठेवलेले असतात, म्हणून तिथे मधला भाग सजवतात. आपल्याकडे सगळे जेवण एका ताटात येते आणि जेवणाऱ्याची नजर तिथेच असते, म्हणून आपली सजावट ताटातच व्हायला हवी. वाढायची भांडी भिंतीलगतच्या लहान टेबलावर किंवा ओट्याच्या टोकाशी ठेवावीत आणि प्रत्येकात त्याचे त्याचे वाढपाचे साधन असावे. भातासाठी भातवाढी, वरणासाठी ओगराळे, भाजी आणि उसळीसाठी डाव. एकच डाव तीन भांड्यांत फिरू लागला की पिवळ्या भाजीत उसळीचा रस्सा दिसू लागतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

ताट वाढण्याची आपली जुनी रीत ही मुळातच उत्तम मांडणी आहे. जेवणाऱ्याच्या समोर, ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, त्यानंतर लोणचे, चटणी, कोशिंबीर. मिठाच्या उजवीकडे उसळीची वाटी, तिच्याखाली सुकी भाजी. खाली, जेवणाऱ्याच्या बाजूला भाताची मूद आणि तिच्या शेजारी पोळी. डावीकडचे पदार्थ जिभेला चव आणण्यापुरते, थोडे थोडे घ्यायचे असतात आणि उजवीकडचे पोटभर खायचे असतात, त्यामुळे उजव्या हाताला जे वारंवार लागते ते जवळ राहते. ही रचना पाळली की सहा ताटे एकसारखी दिसतात, आणि टेबलाला जी शोभा येते ती मुख्यतः या एकसारखेपणामुळे येते. पहिले ताट आपण स्वतः वाढावे आणि इतरांना ते समोर ठेवून बाकीची वाढायला सांगावीत.

मुदीकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण साध्या जेवणात तिच्याइतके देखणे दुसरे काही नसते. वाटी आतून पाण्याने ओली करावी, भात गरम असतानाच तिच्यात भरून पळीच्या पाठीने हलकेच दाबावा, वाटी ताटात उपडी घालावी आणि तिच्या बुडावर एक टिचकी मारून ती सरळ वर उचलावी. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर मूद कडा न मोडता उभी राहते. लांब दाण्याचा मोकळा भात मात्र ढासळतो. मुदीच्या माथ्यावर बोटाने लहानसे आळे करावे, म्हणजे वरण चहूबाजूंनी ओघळून ताटभर पसरत नाही आणि वरून सोडलेले तूप तिथेच थांबते. सध्या हवेत गारवा आहे, त्यामुळे तूप थिजते आणि चमच्याने गोळा पडतो. तुपाची वाटी जेवणाआधी गरम पाण्यात ठेवली, तर तुपाची छान धार पडते.

आपल्या बेताविषयी एकच सूचना. वरण पिवळे आणि बटाट्याची भाजीही पिवळी, त्यामुळे ती दोन्ही ताटात शेजारी आली तर रंग एकमेकांत हरवतात. भाजी उजवीकडे जरा वरच्या बाजूला ठेवून तिच्यावर कोथिंबीर आणि ओले खोबरे घालावे. डाव्या बाजूला हिरव्या चटणीजवळ लाल रंगाचे काहीतरी हवे. त्यासाठी नवा पदार्थ करण्याची आवश्यकता नाही. किसलेल्या गाजराला मीठ, लिंबू आणि मोहरीची फोडणी दिली तरी पुरते.

ताट काठोकाठ भरू नये. दोन पदार्थांमध्ये बोटभर स्टील दिसत राहिले पाहिजे. हवे तेवढे नंतर पुन्हा वाढता येते, आणि आग्रहाने वाढण्यात जो जिव्हाळा आहे तो आधीच रचून ठेवलेल्या ढिगात नाही.

उत्तर (रत्नागिरीहून)

वरील उत्तरातील मापांचा हिशोब मला पूर्ण पटला. केळीच्या पानाविषयी थोडे लिहिते, कारण आमच्याकडे परसातच केळी असल्याने पानावर जेवणे हा सणापुरता प्रकार राहिलेला नाही.

टेबलावर थेट पान मांडून त्यावर वाढणे दिसायला सुंदर असले, तरी अडीच फुटी टेबलावर मी ते करणार नाही. पानाला कड नसते, मधली शीर फुगीर असते, आणि टेबल जरासे जरी कलते असले तरी वरणाचा ओघळ थेट मांडीवर येतो. जमिनीवर पाटासमोर मांडलेल्या पानाचे तसे नसते. तिथे पान आपल्यापासून थोडे दूर आणि सपाट असते. त्यापेक्षा आपल्या स्टीलच्या ताटातच पानाचा गोल तुकडा घालावा. ताट पानावर उपडे ठेवून कडेने सुरीने रेघ ओढली आणि ताटाचा काठ सोडण्यासाठी त्या रेघेच्या अर्धा-पाऊण इंच आतून कापले की तुकडा तळाशी नेमका बसतो. मधली शीर मागच्या बाजूने सुरीने तासून घ्यावी, म्हणजे वाटी डगमगत नाही.

पान आदल्या दिवशी आणले तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. वाढण्यापूर्वी ओल्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसावे आणि गॅसच्या मंद ज्योतीवरून झरझर फिरवावे. पानाचा रंग क्षणात गडद होऊन त्याला तकाकी येते, ते मऊ पडते आणि कापताना फाटत नाही. एकाच जागी धरून ठेवले तर मात्र ते करपते. पान अखंड मांडायचे झाल्यास अग्राचा भाग जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा, ही आपल्याकडची रीत आहे. गोल तुकड्याला तो प्रश्न राहत नाही. हिरव्या पानावर पांढरी मूद आणि पिवळे वरण इतके खुलून दिसते की, दुसऱ्या सजावटीची आठवणही येत नाही.

फुलांविषयी माझे मत थोडे कडक आहे. जेवणाच्या टेबलावर उग्र वासाचे फूल असू नये. सोनचाफा आणि निशिगंध मला जिवापाड आवडतात, पण वरणावरच्या तुपाचा आणि फोडणीचा वास त्यांच्यापुढे टिकत नाही, आणि साध्या जेवणात तो वास हेच निम्मे सुख असते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बागेतून फुले तोडताना कण्हेर कटाक्षाने टाळावी, मग ती पांढरी असो, लाल असो की पिवळी, म्हणजेच बिट्टी. ही झाडे विषारी आहेत. त्यांचे फूल, पान किंवा चीक अन्नाच्या जवळ येता कामा नये. रुईच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. सध्या शेवंती आणि झेंडू मुबलक मिळतात. उंच फुलदाणी बाजूला ठेवून द्यावी, कारण तिच्याआडून समोरच्या बाईंचा चेहरा दिसणार नाही, आणि इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या मैत्रिणींना एकमेकींकडे पाहत बोलायचे असेल. मधल्या चार इंचांच्या पट्टीत दोन लहान वाट्यांमध्ये पाणी घालून प्रत्येकी दोन-तीन शेवंतीची फुले देठ अगदी आखूड करून ठेवली, की पुरे. फुले आणताना धुऊन, झटकून घ्यावीत, कारण शेवंतीच्या पाकळ्यांत बारीक किडे दडलेले असतात. फुलांऐवजी कढीपत्त्याच्या किंवा तुळशीच्या दोन डहाळ्याही फार छान दिसतात.

काही जण ताटाभोवती रांगोळी काढण्याची हौस टेबलावरही करतात. पाट-पंगतीत ते योग्य आहे, परंतु पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची, अर्थात दगडाची भुकटी असते आणि टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने ती ताटात उडते. रांगोळी दारात किंवा जेवणाच्या खोलीच्या उंबऱ्याशी काढावी. टेबलावर काढायचीच असेल तर तांदळाच्या पिठाची, ओलसर बोटांनी आणि फक्त दोन कोपऱ्यांत काढावी.

उत्तर (सोलापूरहून)

कापडाचा विषय राहिला आहे, तो मी पुरा करतो. आमच्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे कापड म्हटले की आम्हां सोलापूरकरांना बोलावेसे वाटते. पण चादर टेबलावर घालू नये, असे मी स्वतःच सांगेन. ती जाड असते आणि तिच्यावर ताकाने भरलेला पेला स्थिर उभा राहत नाही. टेबलाला पातळ, घट्ट विणीचे सुती कापडच हवे.

नवीन टेबलक्लॉथ विकत आणण्यापूर्वी कपाटातील जुन्या सुती साड्या पाहाव्यात. साडीचा पन्हा साधारण ४५ इंचांचा असतो. आपले टेबल ३० इंच रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात इंच कापड खाली येईल. त्याने टेबल झाकले जाते आणि बसलेल्यांच्या गुडघ्यांतही अडकत नाही. लांबीला तेवढेच लोंबते ठेवायचे असेल तर ७५ इंच, म्हणजे दोन मीटरांपेक्षा थोडे कमी कापड लागेल. पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटरची असते, त्यामुळे तिच्यातून दोन टेबलक्लॉथ निघून दीड मीटरभर कापड उरते आणि त्यातून शिवण धरून १४ इंची चौरस असे सहा हातरुमाल आरामात होतात. साडीचे दोन्ही काठ टेबलाच्या लांब बाजूंनी आपोआप खाली येतात, वेगळी लेस किंवा किनार लावण्याची गरज पडत नाही. रंग फिकट, एकरंगी किंवा बारीक चौकड्यांचा असावा. मोठ्या फुलांच्या छपाईवर ताटातील रंग दिसेनासे होतात. कापडाला हलकी खळ देऊन ओलसर असतानाच इस्त्री केली, तर घड्यांच्या रेषा सरळ बसतात.

प्लॅस्टिकची चकचकीत चादर घालू नये. तिच्यावर स्टीलचे ताट सरकते, आणि दोन्ही चकाकत असल्याने डोळ्यांना त्रास होतो. सुती कापड खराब होण्याची भीती वाटत असेल, तर त्यापेक्षा सनमायका स्वच्छ पुसून मोकळाच ठेवणे चांगले. लाकडी रंगावर स्टील मुळीच वाईट दिसत नाही.

हळदीच्या डागाला घाबरण्याचे कारण नाही. वरण सांडले तर आधी सुक्या चमच्याने ते उचलून घ्यावे, चोळू नये, आणि जेवण झाल्यावर कापड थंड पाण्यात भिजवावे. साबण लावताच डाग लालभडक होतो, तेव्हा पुष्कळ जणांना कापड कायमचे खराब झाले असे वाटते. साबण क्षारयुक्त असतो आणि क्षाराने हळदीचा रंग लाल होतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. स्वच्छ धुऊन कापड कडक उन्हात वाळवले की हळदीतील रंगद्रव्य उन्हापुढे टिकत नाही आणि डाग फिका पडत जातो. दोन उन्हे दिली की सहसा तो शोधूनही सापडत नाही. तेलाचा डाग मात्र त्याच दिवशी काढावा.

आजीच्या ताटांविषयी आपण लिहिले आहे, ती मांडण्याची संधी आपण सोडू नये. ताटे धुतल्यावर उभी निथळत ठेवली की जड पाण्यातील क्षारांचे पांढरे ठिपके तसेच वाळतात. अर्ध्या लिंबाच्या रसात फडके बुडवून ताट पुसावे, पुन्हा साध्या पाण्याने धुवावे आणि लगेच सुक्या सुती फडक्याने कोरडे करावे. स्टीलला जी झळाळी येते ती पाहून नवीन ताटे आणण्याचा विचार कोणी करणार नाही. मांडताना प्रत्येक ताटावरचे कोरलेले नाव जेवणाऱ्याच्या समोर, वरच्या कडेला येईल असे फिरवून ठेवावे. सहाही ताटांवर नाव एकाच दिशेला आले की ती एका घरची आहेत, हे न सांगता समजते.

पितळी तांब्यात पिण्याचे पाणी ठेवावे, ताक ठेवू नये. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतो आणि ते आरोग्याला चांगले नाही. ताकासाठी स्टीलचे पेले किंवा चिनी मातीचा सट वापरावा. तांब्या चिंच आणि मीठ लावून घासला की उजळतो, पण रविवारी सकाळीच घासावा. आदल्या दिवशी घासलेला तांब्या हाताच्या ठशांनी पुन्हा मंदावतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (नाशिकहून)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी लगेच टेबल मोजले आणि मधली पट्टी खरोखरच चार इंचांची निघाली. फुलदाणी आता दिवाणखान्यात गेली आहे. आईने तिची फिकट जांभळी, बारीक चौकड्यांची सुती साडी काढून दिली आहे आणि ती कापायला तिने स्वतःच संमती दिली. केळीची पाने भाजी मंडईत मिळतात, त्यामुळे ताटात पानाचा गोल तुकडा घालण्याचे नक्की केले आहे.

आणखी दोन शंका आहेत. माझी मुलगी डावखुरी आहे आणि ती डाव्या हातानेच जेवते. तिचे ताट इतरांसारखेच वाढावे की उलट वाढावे? एका बाई जरा जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना ते खटकेल का, अशी आईला चिंता वाटते. दुसरे म्हणजे, मलाही सर्वांबरोबर बसून जेवायचे आहे. सगळी ताटे आधी वाढली तर जेवण गार होते, आणि नंतर वाढत बसले तर मी स्वयंपाकघरातच अडकून पडते. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर (डोंबिवलीहून)

ताई, आधी मुलीविषयी लिहिते, कारण माझा मोठा मुलगाही डावखुरा आहे. ताट उलट वाढू नये आणि तिला हात बदलायलाही सांगू नये. ताटातील क्रम सहाही जणांचा सारखाच ठेवावा. तिने बसल्यावर ताट थोडेसे फिरवून घेतले की उसळ आणि भाजी तिच्या हाताशी येतात. बदलायची ती फक्त बसण्याची जागा. तिला टेबलाच्या अशा टोकाशी बसवावे, जिथे तिचा डावा हात मोकळ्या बाजूला येईल. तीन जणांच्या रांगेत ती मध्ये बसली, तर शेजारच्या बाईंचा उजवा कोपर आणि तिचा डावा कोपर प्रत्येक घासाला एकमेकांना लागतील, कारण माणशी २० इंचच जागा आहे. तिचे पाण्याचे भांडे मात्र उजवीकडे ठेवावे. बाकीच्यांचे भांडे डावीकडे असावे. जेवणाचा हात खरकटा असतो, दुसऱ्या हाताने भांडे उचलले तर ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते. बाईंना खटकेल ही चिंता मनातून काढून टाकावी. त्यांनी आयुष्यभर वर्गात मुले पाहिली आहेत, त्यांत डावखुरीही असणारच, आणि मुलीने आनंदाने जेवावे हे त्यांनाही हवे असेल. तरीही कोणी काही बोललेच, तर आईने एका वाक्यात शांतपणे उत्तर द्यावे. मुलीला स्वतःची बाजू मांडायला लावू नये.

आता वाढण्याचा क्रम. पदार्थांचे दोन गट करावेत. जे गार झाल्याने बिघडत नाही, ते पाहुणे येण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ताटात वाढून ठेवावे. त्यात मीठ, लिंबू, लोणचे, चटणी आणि गाजर येते. लिंबाच्या फोडीतील बिया आधीच काढाव्यात. वाढलेल्या ताटांवर पातळ मलमलीचे कापड किंवा जाळी घालावी. गरम पदार्थ, म्हणजे भाजी, उसळ, वरण-भात, हे सगळे जण बसल्यावरच वाढावेत. दोघींनी मिळून वाढले, एकीने भाजी-उसळ आणि दुसरीने मुदी, तर सहा ताटांना पाच मिनिटेही लागत नाहीत. उसळीच्या रिकाम्या वाट्या आधी गरम पाण्यात ठेवून, पुसून घ्याव्यात. थंडीत स्टीलची वाटी उसळीची ऊब फार लवकर शोषून घेते.

कोशिंबीर या दोन गटांच्या मध्ये येते आणि बहुतेक वेळा ताटाची शोभा तीच घालवते. काकडीला मीठ लागले की पाणी सुटते, ते पानावरून वाहत चटणीत जाते आणि पोळीचा कडेचा भाग भिजवते. म्हणून काकडी चोचवून तिला आधीच थोडे मीठ लावावे, दहा मिनिटांनी हाताने घट्ट पिळून पाणी काढावे आणि दाण्याचे कूट, दही, फोडणी अगदी वाढण्याच्या वेळीच घालावी. कूट जरा जास्त घातले तर उरलेले पाणी ते धरून ठेवते. निघालेले पाणी टाकून देऊ नये. ते ताकात घातले की ताकाला छान स्वाद येतो, फक्त मग ताकात मीठ चाखून घालावे.

पोळ्या आधीच करून ठेवाव्यात, याला माझा पाठिंबा आहे. तव्यावरची पोळी थेट ताटात यावी, हा आग्रह प्रेमाचा असला तरी त्यापायी घरातील एक बाई कायम स्वयंपाकघरात उभी राहते. पोळ्यांना करतानाच तूप किंवा तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर तासभर मऊ आणि कोमट राहतात. डब्याच्या तळाशी दुहेरी घडीचे कापड ठेवावे, म्हणजे वाफेचे पाणी खालच्या पोळीला लागत नाही. ताटात पोळी चार पदरी घडी घालून ठेवावी. पहिल्या वाढपाला एकेकच वाढावी, कारण दोन पोळ्यांनी ताटातील भाताची जागा अडते. डबा आपल्या खुर्चीमागच्या लहान टेबलावर ठेवला, तर न उठता हात मागे नेऊन पोळी वाढता येईल. आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या बाजूच्या टोकाशी असावी.

खीर ताटात आधीपासून ठेवू नये. वाटी उगाच जागा अडवते आणि खिरीवर साय धरते. जेवण निम्म्यावर आले की गरम खीर लहान वाट्यांतून आणावी.

पंख्याकडेही एकदा पाहून घ्यावे. तो टेबलाच्या बरोबर वर असेल, तर भात लगेच गार होतो, पापड असेल तर ताटातून उडतो आणि कापडाचे टोक उलटून ताटावर येते. या दिवसांत पंखा बंद ठेवून खिडकी उघडी ठेवता येईल. दुपारच्या जेवणाला खिडकीतून येणारा उजेड असेल तर आणखी दिवे लावू नयेत. पिवळ्या दिव्याखाली वरण आणि भाजी यांचा रंग ओळखू येत नाही.

उत्तर (पुण्याहून)

डोंबिवलीच्या ताईंनी बसण्याच्या जागेचा मुद्दा छान मांडला आहे. त्याला जोडून एवढेच सांगतो की, तिन्ही पाहुण्यांना एका रांगेत आणि घरच्यांना समोर असे बसवू नये. आईसमोर एक बाई आणि आईच्या शेजारी एक बाई आली, तर आईला सर्वांशी बोलता येईल. मुलगी आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या बाजूला समोरासमोर बसावे. म्हणजे दोघींनाही उठणे सोपे जाईल आणि वाढायला मुलीची मदत होईल. फक्त त्या टोकाला मुलीचा डावा हात बाहेरच्या बाजूला येईल, अशा बाजूची खुर्ची तिला द्यावी आणि तुम्ही तिच्यासमोरची घ्यावी.

शनिवारी रात्री एकदा रिकामी ताटे, वाट्या आणि भांडी मांडून, सहाही खुर्च्या ओढून पाहाव्यात. कापडाचे टोक कुठे कमी-जास्त लोंबते, भिंतीच्या बाजूची खुर्ची पूर्ण मागे घेता येते का आणि पाहुण्यांपैकी कोणाला गुडघ्यांचा त्रास असल्यास तिला सहज बसता-उठता येईल अशी खुर्ची कोणती, हे त्याच वेळी समजते. हातरुमाल तीन पदरी घडी करून ताटाच्या डावीकडे, पाण्याच्या भांड्याच्या अलीकडे ठेवावेत. ताटात किंवा पेल्यात खोचू नयेत, कारण ताट आधीच वाढलेले असेल. हात धुण्याच्या जागी स्वच्छ कोरडा टॉवेल टांगून ठेवावा.